पोळ्यात न गेलेला बैल

लाकडी बैलाला मान हलवता येते, हे मी सौसरला सून म्हणून आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझं माहेर नागपूरचं. आमच्याकडे तान्हा पोळा मोठा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात तो. तिथले बैल उंचेपुरे, रंगवलेले, पण सगळे ताठ मानेचे. सासऱ्यांचा बैल वीतभर उंचीचा होता आणि दोरी ओढली की चढावर ओझं नेणाऱ्या खऱ्या बैलासारखी मान खालीवर करत चालायचा. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि मला हसू आवरेना. सासरे हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवून म्हणाले, "हास, हास. पाहून जो हासत नाही, त्याले मी बैल इकत नाही."

मी त्यांना मामाजी म्हणायची. आमच्या भागात सुना सासऱ्याला असंच म्हणतात. धंदा सुताराचा. वर्षभर बंड्या म्हणजे बैलगाड्या, वखरं, दारं-चौकटी. आणि आषाढ लागला की बैल. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझे यजमान त्यांचे एकुलते एक, पण त्यांनी करवत हातात धरली नाही. ते पांढुर्ण्याला शाळामास्तर होते आणि शनिवारी घरी येत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, इंग्रजी बरं. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे. एरवी सुनेच्या शिक्षणाचं त्या घरात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. सासूबाई तर म्हणायच्या, "इंग्रजीनं भाकर फुगत असती तं बरं होतं." माझी भाकर फुगत नसे, हे खरं आहे.

बैलाच्या पोटात काय असतं ते मामाजींनी मला दुसऱ्या वर्षी दाखवलं. तोवर मी परकीच. चाकाच्या आसावर एक लहानसं टेंगूळ, त्यावर उभी एक काडी, आणि मानेत एक खिटी, म्हणजे बारीक लाकडी खुंटी. आस फिरला की टेंगूळ काडीला वर उचलतं आणि काडी मानेला ढकलते. सांगायला एवढंच. पण खिटी केसभर जाड झाली तर मान अडते आणि केसभर बारीक झाली तर बैल झिंगल्यासारखा डोलतो. हा केसभराचा हिशोब कुठे लिहिलेला नव्हता. तो मामाजींच्या अंगठ्यात होता.

त्या घराचा एक नेम होता. बैलाचा नवा घाट निघाला की त्याची पहिली जोडी विकायची नाही, कुणाला द्यायचीही नाही. ती आधी तान्ह्या पोळ्यात चालणार. तोरणाखालून जाणार, दारोदार फिरणार, लेकरांची ओढाताण खाणार. पांढुर्ण्याला त्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, त्यामुळे तिथले नातेवाईक आपली लेकरं आमच्याकडे पाठवून देत आणि आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. संध्याकाळी धुळीनं माखलेले बैल घरी आले की मामाजी त्यांचं पोट उघडायचे. खिटी कुठे घासली, काडी कुठे झिजली ते बोट फिरवून पाहायचे, पटाशीनं जरासं तासायचे, जवसाच्या तेलाचा थेंब सोडायचे आणि मग सरस लावून पोट बंद. त्यानंतर त्या घाटाचे बाकीचे बैल, पुढच्या सालासाठी.

"घरातच चालवून का नाही पाहत?" मी एकदा विचारलं होतं.

"सारवल्या जमिनीवर तं मीबी नीट चालतो," ते म्हणाले. "गल्लीत खडे हायेत, नाली हाय, उतार हाय. अन् लोकाइनं पाह्यल्याबिगर तो बैल होत नाही. लाकूडच राह्यते."

मला वाटलं होतं हा श्रद्धेचा भाग आहे. तो कामाचाही भाग होता हे कळायला मला फार उशीर लागला.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. नागपूरचा एक व्यापारी आमच्याकडून दोन जोड्या घेऊन गेला. गोड बोलणारा माणूस. माझ्या माहेरच्या गल्लीचं नाव सांगून त्यानं माझ्याकडून चहासुद्धा वसूल केला. पुढच्या वर्षी माझा भाऊ राखीला आला तेव्हा म्हणाला, "ताई, तुझ्या सासऱ्याचे बैल नागपूरच्या बाजारात ढिगानं पडून राहिले आहेत." येताना एक घेऊनच आला होता. मामाजींनी तो उलटा केला, पोट उघडलं. टेंगूळ, काडी, खिटी, सगळं तसंच. फक्त लाकूड हलकं, आणि मान वर गेली की खट्कन पडायची.

मला वाटलं ते संतापतील. ते म्हणाले, "पोट भरते तं भरू दे. पण बैलाची मान अशी पडत नाही, एवढं तं पाहावं का नाही त्यानं?" आणि तो बैल त्यांनी दुरुस्त करून माझ्या भावाला परत दिला. आता या माणसाला काय म्हणावं?

लागलं ते नंतर. श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे बैल मांडून बसलो होतो. लोधीखेड्याकडचा एक सधन शेतकरी नातवाला घेऊन आला. बैल हातात घेतला, मान हलवून पाहिली आणि सहज म्हणाला, "हा तं नागपुरी बैल व्हय. चांगली नकल केली, मिस्त्री."

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. तो कौतुकच करत होता. मामाजींनी त्याच्या हातून बैल घेतला, पुसला आणि गोणपाटावर ठेवला. "हा इकाचा नाही," म्हणाले. उरलेला दिवस त्यांनी एकही बैल विकला नाही. घरी आल्यावर जेवायला बसले आणि ताटावरून उठले. सासूबाई म्हणाल्या, "चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच." पण चोर बोंबललाच नव्हता. गावाबाहेरच्या एका भल्या माणसानं मामाजींना त्यांच्या तोंडावर नकल करणारा म्हटलं होतं आणि त्याला खोटं पाडायला त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. त्या दिवसापासून त्यांना एकच हवं होतं. पैसा नको, व्यापाऱ्याला शिक्षाही नको. बैल त्यांचा आहे असं कुणीतरी लिहून द्यावं.

त्या वर्षी उद्योग खात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. यायचे ते मोहगावच्या कोष्ट्यांचे माग पाहायला, पण माझ्या यजमानांच्या ओळखीनं आमच्याकडे चहाला थांबले. मी पडद्याआडून आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत बोलले. बैलाची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, कलकत्त्याला कचेरी आहे, तिथे नमुन्याची नोंद होते. नोंद झाली की काही वर्षं दुसऱ्या कुणाला तो नमुना करता येत नाही. अर्जाचा कागद मी पाठवतो.

कागद आला. इंग्रजीत. मी तीन दुपारी बसून तो वाचला, अर्धा समजला आणि उरलेला अर्धा समजल्यासारखं केलं. बैलाचा फोटो हवा होता. मामाजी जोडी घेऊन पांढुर्ण्याला गेले आणि तिथल्या फोटोवाल्यानं बैलांमागे राजवाड्याचा पडदा लावला. मामाजींनी तो काढायला लावला. "बैलाले महाल कायले पाह्यजे?"

आता माझी करणी. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद असला की आमच्याकडे काय करतात? पाच पंच गोळा करतात. ते सांगतात, आम्ही लहानपणापासून पाहतो, धुरा इथेच होता. झालं, धुरा त्याचा. ज्याचं सगळ्यांनी पाहिलेलं, ते त्याचं. मलाही दुसरं काही सुचलं नाही, मामाजींनाही नाही, आणि साहेब परत गेले होते. मी इंग्रजीत एक कागद लिहिला: आम्ही खाली सही करणारे सौसरचे रहिवासी, हा मान हलवणारा बैल या मिस्त्रींनीच काढलेला असून अनेक वर्षं दर तान्ह्या पोळ्यात आम्ही तो आमच्या डोळ्यांनी पाहत आलो आहोत. मग गल्ली पालथी घातली. सराफ, किराणावाला, शाळेचे गुरुजी, देवळाचे पुजारी, दोन वकिली कारकून, आणि बाकी अंगठे. एका म्हातारबाबांनी तर सही करून वर लिहिलं की माझा नातूही हाच बैल ओढून मोठा झाला. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या इंग्रजीची तारीफ केली. मी तो कागद अर्जाला टाचला आणि पाठवला. इतका भक्कम अर्ज कलकत्त्याला दुसरा गेला नसेल, अशी माझी खात्री होती.

उत्तर यायला बरेच महिने गेले. चार ओळींचं होतं, आणि सभ्य होतं. नोंद फक्त नव्या नमुन्याची होते. आपला नमुना अनेक वर्षं लोकांसमोर असल्याचं आपण स्वतःच पुराव्यानिशी कळवलं आहे. सबब नोंद करता येत नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ज्या कागदानं मी बैल त्यांचा ठरवायला निघाले होते, त्याच कागदानं तो त्यांच्या हातून गेला. मामाजी वखराची दांडी रंधत होते. मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला नाही. दांडी पुरी करून मग विचारलं, "मतलब, ज्यानं लपवलं त्याचा, अन् ज्यानं चारचौघात दाखवलं त्याचा नाही?"

"नोंदीपुरतं तसंच आहे, मामाजी."

"सह्या तूच आणल्या व्हत्या ना?"

"मीच."

"चांगल्या व्हत्या," ते म्हणाले. "एकबी खोटी नव्हती."

मला रडू आलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

साहेब पुढच्या दौऱ्यात आले तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बाई, आधी मला पत्र टाकून विचारायचं होतं. मग त्यांनी नीट समजावलं. नवा घाट काढा. कुणालाही दाखवू नका, शेजाऱ्यालाही नाही. आधी नमुना कलकत्त्याला, नोंद झाली की मग बाजारात. फोटोपेक्षा बैलच पाठवा आणि पार्सलचा विमा उतरवा, कारण एकदा वस्तू हरवली की तुमच्याजवळ काही राहत नाही. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बैलाचं रूप वेगळं आणि बैलाची चाल वेगळी, चालीसाठी पेटंट म्हणून निराळा अर्ज असतो. त्याला नकाशे लागतात, वकील लागतो. रूपाची नोंद सोपी, तीच करा. मी मान डोलावली. रूप आलं की चाल येतेच, असं मी धरून चालले.

मामाजी साठीच्या पुढे होते. तरी त्यांनी नवा घाट काढला, आणि तो असा की मी आजवर तसा पाहिला नाही. हा बैल मान खालीवर करत नव्हता. पाठीवर गोमाशी बसली की बैल जसा चालता चालता मान वळवून तिला हाकलतो, तशी हा मान मागे वळवायचा आणि पुन्हा पुढे आणायचा. त्यासाठी आसावर एकाऐवजी दोन टेंगळं होती आणि मानेतली खिटी तिरपी. तीन महिने पडवीचं दार आतून बंद. गल्लीत चर्चा. "मिस्त्री नोटा छापून राहिले का?" कुणी विचारी. सासूबाई म्हणत, "छापल्या तं तुमाले पहिली देऊ." मी दाराशी बसून शिवण करत राही. पहारा माझाच होता.

बैल नेहमी जोडीनं होतो, म्हणून दोन केले. एक कलकत्त्याला, दुसरा घरी. पाठवायच्या दिवशी मामाजी कुरकुरले. "पोळ्यात चालला नाही. पोट उघडून पाह्यलं नाही. अर्धाच बैल पाठवून राहिलो मी."

"तिथे कोण चालवणार आहे, मामाजी? ते फक्त पाहणार."

पोस्टात मी सोबत गेले. विम्याचं पार्सल म्हणजे पेटी, वर कापड शिवलेलं आणि शिवणीवर ठिकठिकाणी लाखेची मोहोर. मोहोर ज्याची त्याची हवी, नाणं चालत नाही. मामाजींनी पटाशीच्या मुठीवर स्वतःची खूण कोरलेली होती, तीच उमटवली. पोस्टमास्तर जबलपूरकडचे, बोलणं अर्धं हिंदी. त्यांनी लेखणी उचलली.

"मिस्त्रीजी, कीमत किती लिहू?"

"इकाचा नाही तो."

"तरी पण. विमा कीमतीवर असतो."

मामाजींनी विचार केला. "एका बैलाची लिहा. खऱ्या. खांद्याला चांगल्या."

पोस्टमास्तर हसले नाहीत. म्हणाले, वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त लिहिता येत नाही, कायदा आहे, लाकडाच्या खेळण्याची एवढी किंमत कुणी मानणार नाही. मामाजी म्हणाले, तीन महिने मी बंडी केली नाही, वखर केलं नाही, दार केलं नाही. त्या तीन महिन्यांत जे झालं असतं, ते सगळं या पेटीत आहे. पोस्टमास्तरांनी ते मानलं आणि तेवढी किंमत लिहिली. पावती फाडताना मामाजींनी विचारलं, "हरवला तं काय देता?"

"हा पैसा."

"बैल?"

"बैल कुठून देणार, मिस्त्रीजी?"

"मंग हा इमा बैलाचा नाही," मामाजी मला बाहेर आल्यावर म्हणाले, "मह्या तीन महिन्याचा व्हय." पण पावती त्यांनी टोपीत ठेवली, आणि घरी पोचेपर्यंत तीनदा टोपीला हात लावून पाहिला.

पोळा आला तरी कलकत्त्याचं उत्तर नव्हतं. राज्यं वेगळी होणार, नागपूर मुंबईकडे जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, हीच त्या पावसाळ्यात सगळीकडे बोलणी. माझी आई पत्रात लिहायची, आता तू परराज्यात जाणार गं. मी लिहायची, मी जागेवरच आहे, जाताय ते तुम्ही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मामाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात दुसरा बैल, फडक्यात गुंडाळलेला.

"सूनबाई, नेऊ का?"

मी पुरणाच्या हातानं तशीच उभी.

"वेशीपर्यंतच नेतो. तोरणाखालून काढतो अन् वापस आणतो."

सासऱ्यानं सुनेला परवानगी मागावी, असं आमच्याकडे होत नाही. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी मान फिरवली. मी म्हणाले, "नको, मामाजी. एकानं पाहिलं तरी गेलं. मागच्या खेपेला माझ्या हातून झालं, या खेपेला नको." ते हं म्हणाले आणि पडवीत गेले. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती जुना मान हलवणारा बैल घेऊन गल्लीत गेली. मामाजी दिवसभर बाहेर आले नाहीत. तोरणापाशी झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या तेव्हा आतून फक्त कानस चालल्याचा आवाज येत होता. त्या घराच्या पहिल्या जोडीनं पोळा चुकवला असं सासूबाईंच्या आठवणीत तरी कधी झालं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला राज्यं वेगळी झाली. साहेब भोपाळला गेले. जाताना एक कार्ड टाकून गेले. आणि थंडीत कलकत्त्याचा लिफाफा आला. जाड कागद, मोहोर, मामाजींचं नाव इंग्रजीत. मी उभ्या उभ्याच वाचायला लागले आणि मधेच बसले. नोंद झाली होती. नमुन्याच्या आकाराची आणि रूपाची. खाली स्पष्ट लिहिलं होतं की, वस्तूच्या आतील रचनेवर किंवा तिच्या कार्यावर या नोंदीनं कोणताही हक्क पोचत नाही. म्हणजे शिंगं, वशिंड, झूल, अंगाचा बाक, एवढं मामाजींचं. मान वळते ते कुणाचंही.

मामाजी समोर बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला, मोहोर बोटानं चाचपली. "चालीचं लिह्यलं हाय का?" त्यांनी विचारलं. त्यांना रूपाचं काही नव्हतंच. शिंगं काय, कोणीही काढतो.

आणि मी म्हणाले, "हो. चालीचंही आहे."

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या अर्जाची लाज होती, पोळ्याच्या सकाळची लाज होती. तिसऱ्यांदा मला त्यांचा चेहरा तसा पाहायचा नव्हता. मी काही मोठ्या दयेनं खोटं बोलले नाही. मला माझी चूक सांगायची नव्हती, एवढंच.

मामाजींनी कागद कपाळाला लावला. मी म्हणाले, आता नोंद झाली, आता बैल बाहेर काढायला हरकत नाही. ते हसले. बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "आता कायची घाई हाय? आपलाच हाय तो. भादव्यात काढू, तान्ह्या पोळ्यात, जसा काढाचा तसा. मंग पोट पाहीन त्याचं." आणि बैल फडक्यासकट पेटीत ठेवला. पोटाची फळी सरस न लावता नुसती बसवलेली होती, नंतर उघडायची म्हणून.

जेठात ते गेले. उन्हातून आले, पाणी प्यायले, आडवे झाले. दुखणं नाही, काही नाही.

त्या भाद्रपदात मी पेटी उघडली. यजमान पांढुर्ण्याहून आले होते. मुलीला नवा फ्रॉक घातला. गल्लीतल्या लोकांना कळलं होतं की मिस्त्रीचा शेवटचा बैल आज निघणार, त्यामुळे दारादारांत माणसं उभी होती. मुलीनं दोरी ओढली. बैल चार पावलं चालला. मान मागे वळली, अगदी मामाजींनी करून दाखवली होती तशी, आणि तिथेच अडकली. चाकं फिरत होती, आत काहीतरी टकटक वाजत होतं, पण मान पुढे येईना. मुलीनं आणखी जोरानं ओढलं तेव्हा मी तिचा हात धरला.

यजमानांनी पोटाची फळी काढली आणि पाहत राहिले. खिटी कुठे अडते ते दिसत होतं, पण कुठून किती तासायची ते कुणाला ठाऊक? मोहगावचा एक जुना सुतार आला होता, त्यानंही आत बोट घालून पाहिलं आणि बाहेर काढलं. "एवढं तिरपं काम मले नाही समजत बाई. जास्त तासलं तं कामातून गेला. राहू द्या." कलकत्त्याचा जोडीदार कलकत्त्यालाच राहिला होता. तोही न चाललेलाच.

त्या दिवशी आमच्या गल्लीत निदान वीस-पंचवीस बैल मान खालीवर करत गेले. सौसरचे, मोहगावचे, लोधीखेड्याचे, कोणी कोणी केलेले. एक आजी कडेवरच्या नातीला त्यातला एक दाखवून म्हणाली, "पाह्य, मिस्त्रीचा बैल." तो मामाजींनी केलेला नव्हता. त्याच्या नोंदीला तर कलकत्त्यानं नाही म्हटलं होतं.

कागद अजून माझ्याकडे आहे, विम्याच्या पावतीसोबत. त्याची मुदत कधीच संपली. बैलही आहे, मान मागे वळवलेला. शिंगं, वशिंड, झूल, अंगाचा बाक, कागदात लिहिलेलं सगळं जागेवर आहे. कागदात सांगितल्याप्रमाणे फक्त चाल त्यात नाही. त्या थंडीत मी खरं बोलले असते, की मामाजी, चालीचं काही लिहिलेलं नाही, तर त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, कागद भिरकावला असता, आणि पोळ्याची वाट न पाहता त्याच दुपारी बैल गल्लीत काढला असता. संध्याकाळी त्याचं पोटही उघडलं असतं.